सही कुणाची, गल्ला कुणाचा? गच्चीवरचं ऊन, खाडीतले रोहित पक्षी आणि आपली सभा

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ठरल्या वेळी सुरू झाल्याचं मला आठवत नाही. ठाण्याच्या घोडबंदर रोडवरची सात मजली इमारत, छप्पन्न घरं, स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या मोकळ्या पार्किंगमध्ये, मांडलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, आणि साडेदहाच्या सभेला पावणेअकराला हजर माणसं नऊ. गणपूर्तीला वीस लागतात. मग अर्धा तास चहा प्यायचा, सेक्रेटरींनी ‘सभा तहकूब’ म्हणायचं आणि त्याच खुर्च्यांवर त्याच माणसांनी तीच सभा पुन्हा भरवायची. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ आहे.

गेल्या सभेत सातवा विषय होता, ‘गच्चीवर सौर ऊर्जा प्रकल्प बसविण्याबाबत विचारविनिमय करणे’. सहावा विषय पार्किंगचा होता. सातव्याच्या वाट्याला चार मिनिटं आली. “गच्ची गळेल”, “पुढच्या सभेत घेऊ”, आणि खुर्च्या रचायला सुरुवात.

त्याच आठवड्यात नवी मुंबईतल्या नेरूळहून भाचीचा फोन. तिच्या घराजवळच्या तळ्यात फ्लेमिंगो उतरतात, त्या तळ्याची काहीतरी बातमी आली होती. तिने विचारलं, “मामा, हे तळं नेमकं कुणाचं? सिडकोचं, महापालिकेचं, वनखात्याचं? आणि आम्ही समोर राहतो, तर आम्ही कोण?” मी म्हटलं, बघून सांगतो. बघता बघता लक्षात आलं की तिचा प्रश्न आणि आमचा सातवा विषय हे एकाच गोत्रातले आहेत. म्हणून हा लेख.

आधी शब्द सोडवून घेऊ

शाश्वत पर्यटन म्हणजे काय? शेतकरी कितीही अडला तरी बियाण्याची कणगी फोडत नाही. पुढच्या वर्षीचं शेत त्या कणगीत असतं. जी गोष्ट बघायला लोक येतात, ती येणाऱ्यांच्या पायाखालीच संपू नये, आणि जिथे येतात तिथल्या माणसांच्या चुलीलाही त्यातून काही मिळावं, एवढाच त्या जडशीळ शब्दाचा अर्थ.

त्याच्याबरोबर ‘वहनक्षमता’ हा दुसरा शब्द येतो. पंगतीला एका वेळी किती पानं मांडता येतील, हा तो हिशेब. हॉल केवढा, वाढपी किती, पाणी किती. जास्त पानं मांडली तर शेवटच्याला वरण मिळत नाही, आणि पहिल्याचंही जेवण धड होत नाही.

नवीकरणीय ऊर्जा म्हणजे ऊन, वारा, वाहतं पाणी यांसारख्या, वापरून न संपणाऱ्या गोष्टींची वीज. आपल्या शहरात त्यातलं हाताशी असलेलं म्हणजे ऊन.

आणि ‘लोकसहभाग’. सरकारी कागदांत हा शब्द इतका घासला गेलाय की त्याच्यावरचा छाप दिसेनासा झालाय. रविवारी सकाळी टी-शर्ट घालून प्लास्टिक वेचणं हाही लोकसहभाग, आणि कुठला ठेका कुणाला द्यायचा हे ठरवणं हाही. लग्नाला आलेला पाहुणा आणि याद्या करताना सही करणारा मामा, दोघंही लग्नात सहभागीच की! फरक कुठे आहे ते आपल्याला चांगलं कळतं. म्हणून मी एक कच्ची कसोटी वापरतो: सही कुणाची, आणि गल्ला कुणाचा? ज्याची सही लागते त्याला विचारावं लागतं, आणि ज्याच्या गल्ल्यात चार पैसे पडतात तो वस्तू जपतो. बाकीचे पाहुणे.

सामायिक विहीर

गच्ची आणि खाडी एका लेखात कशाला? दोन्ही सामायिक आहेत म्हणून. गावाकडे सातबाऱ्यावर ‘सामायिक विहीर’ असते. चार भाऊबंद पाळीने पाणी घेतात. पाळी मोडली तर आधी बोलणी, मग भांडण, मग पंच. उन्हाळ्यात गाळ काढायला चौघांनी माणसं द्यायची. जिथे हे नियम वापरणाऱ्यांनीच ठरवले तिथे विहीर टिकते. जिथे नियम नाहीत, किंवा तालुक्याहून कुणीतरी पाठवलेत, तिथे ती बुजते. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अमेरिकन अभ्यासक बाईंना २००९ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं ते याच विषयाच्या कामासाठी. जगभरची कुरणं, जंगलं, मासेमारीच्या जागा, पाटाचं पाणी तपासून त्यांनी दाखवलं, की सामायिक वस्तू लोक नासवतातच असं नाही. नियम करण्यात त्यांचा वाटा असेल आणि नियम मोडणाऱ्यावर त्यांची नजर असेल, तर ते ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळतात.

शहरात आपण विहीर विसरलो, पण सामायिक वस्तू संपल्या नाहीत. डोक्यावर गच्ची आहे, पलीकडे खाडी आहे.

गच्चीवरचं ऊन: थोडं गणित

किलोवॉट आणि युनिट यांत गोंधळ होतो. किलोवॉट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे भरलेली बादली. एक किलोवॉटच्या पॅनलला साधारण शंभर चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी गच्ची लागते, आणि वर्षाची सरासरी काढली तर ती दिवसाला चारेक युनिट देते. एप्रिलमध्ये जास्त, जुलैत बरीच कमी. पावसाळ्यात शून्य होतं ही समजूत चुकीची आहे. ढगातूनही उजेड येतो, तेवढी वीज होते.

आता ‘नेट मीटरिंग’. दुपारी तुमच्या घरी साखर जास्त आहे, ती वाटीने शेजारणीकडे दिली. रात्री तुम्हाला लागली, तिच्याकडून आणली. महिनाअखेर दोघींनी वाट्या मोजल्या आणि फरकाचे पैसे दिले. इथे शेजारीण म्हणजे महावितरण, आणि वाट्या मोजणारं दुतर्फी मीटर. जास्त दिलेल्या वाट्या पुढच्या महिन्यात जमा होतात. ३१ मार्चला मात्र वही बंद होते. उरलेल्या वाट्यांचे पैसे मिळतात, पण तुम्ही वीज ज्या भावाने घेता त्यापेक्षा बऱ्याच कमी भावाने. म्हणून गरजेपेक्षा मोठा प्रकल्प लावून वीज विकून श्रीमंत व्हायचा बेत कुणी करू नये.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. स्वतंत्र घराला पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००, आणि ७८,००० वर अनुदान थांबतं. जाहिरातीत हाच आकडा दिसतो, आणि फ्लॅटवाले उसासा टाकतात, कारण त्यांची स्वतःची गच्ची नाही. पण याच योजनेत गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळी ओळ आहे: लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, गाड्यांचं चार्जिंग अशा सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये, घरटी तीन किलोवॉटच्या हिशेबाने, ५०० किलोवॉटपर्यंत. अट एक, पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले हवेत. आणि अनुदान प्रकल्प चालू झाल्यावर खात्यात येतं, आधी सगळे पैसे सोसायटीने उभे करायचे असतात. ही गोष्ट विक्रेते जरा हळू आवाजात सांगतात.

आमच्यापुरतं गणित मी पाकिटाच्या पाठीवर केलं. २५ किलोवॉट, म्हणजे अडीच हजार चौरस फूट. किलोवॉटला पन्नास हजार धरले तर खर्च साडेबारा लाख. अनुदान साडेचार लाख. निव्वळ आठ लाख, घरटी पंधरा हजारांच्या आत. वीज महिन्याला तीन हजार युनिट. युनिटमागे दहा रुपये वाचले असं धरलं तर महिन्याला तीस हजार. अडीच वर्षांत पैसे वसूल. तुमचा दर, तुमची सावली, तुमचा ठेकेदार वेगळा असेल, दुप्पट काळ धरा. पॅनल वीस-पंचवीस वर्षं चालतात.

मग अडतं कुठे? सहीवर. गच्ची सोसायटीची, म्हणजे सगळ्या सभासदांची. इतका मोठा भांडवली खर्च कार्यकारिणीने आपल्या मनाने करायचा नसतो, सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो. वरच्या पायऱ्या आता सोप्या झाल्यात. २०२४ च्या ग्राहक हक्क नियमांनुसार १० किलोवॉटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीचीही गरज उरलेली नाही, त्याच्यावरच्यांची तपासणी वीज कंपनीने ठरावीक दिवसांत उरकायची आहे. दिल्लीने पैसे ठेवले, मुंबईतल्या वीज नियामक आयोगाने नियम केले, आणि सगळं येऊन थांबलं ते आमच्या स्टिल्टमध्ये, पार्किंगच्या विषयामागे.

“लाइट गेली तर सोलर चालेल ना?”

नाही. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. बॅटरी नसलेला, ग्रिडला जोडलेला प्रकल्प लाइट गेली की स्वतःहून बंद पडतो, भर दुपारी सुद्धा. कारण माणुसकीचं आहे. खांबावर चढलेला लाइनमन तार बंद आहे असं समजून हात लावेल, आणि तुमच्या गच्चीवरून त्या तारेत वीज येत असेल तर? तेव्हा हा दोष नव्हे.

गच्ची गळेल का? सांगाडा वॉटरप्रूफिंग फोडून बसवला तर गळेलच. सिमेंटच्या ठोकळ्यांवर ठेवला, किंवा बोल्टच्या जागा नीट बंद केल्या, तर नाही. पण वरच्या मजल्यावरच्या काकांची भीती खोटी नाही, पाणी त्यांच्याच छतातून येणार. त्यांना गप्प बसवण्यापेक्षा ठरावातच लिहावं: आधी वॉटरप्रूफिंग, मग सांगाडा, आणि गळतीची जबाबदारी ठेकेदारावर अमुक वर्षं. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र. पुनर्विकास तोंडावर असेल तर मात्र मीच म्हणेन, थांबा. पॅनल काढून दुसरीकडे नेता येतात, पण दोन वर्षांसाठी हा उद्योग करू नये.

काही कंपन्या म्हणतात, एक पैसा देऊ नका, आम्ही बसवतो, तुम्ही फक्त युनिटमागे ठरलेला दर द्या. वाईट नाही. पण इथे कसोटी लावा. गल्ला कंपनीचा आहे, आणि तुमची सही पंधरा-वीस वर्षांच्या करारावर आहे. दरवर्षी दर किती वाढणार, मध्येच प्रकल्प विकत घेता येईल का, गच्चीवर वाळवणाला जागा राहील का, हे तेव्हा विचारायचं.

एक जुनी गोष्ट आठवते. ठाण्यात नव्या इमारतींना गच्चीवर सोलर वॉटर हीटरची सक्ती झाली आणि मालमत्ता करात सवलतही मिळाली, त्याला आता बरीच वर्षं झाली. चांगलंच पाऊल होतं. आमच्याही गच्चीवर त्या टाक्या आहेत. बिल्डरने बसवल्या, दाखला मिळवला आणि गेला. कुणाच्या नळाला गरम पाणी येतं, कुणाच्या नाही, नळ्यांवर क्षार चढलेत, एका टाकीखाली कबुतरांचा संसार आहे. आमच्यापैकी कुणी ती निवडली नव्हती, कुणी पैसे मोजल्याचं जाणवलं नव्हतं, म्हणून बिघडल्यावर कुणाला ती आपली वाटली नाही.

होडीला पाणी हवं, रोहिताला चिखल

आता खाडीकडे. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात, अग्निपंख असंही एक देखणं नाव आहे. साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत ठाणे खाडीत त्यांचा मुक्काम. हंगामात आकडा लाखाच्या वर जातो. २०१५ मध्ये खाडीचा सुमारे १,६९० हेक्टर भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, त्यात निम्म्याहून जास्त कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) आणि बाकी पाणी. २०२२ मध्ये आजूबाजूच्या पट्ट्यासह ६,५२१ हेक्टर ठाणे खाडी रामसर यादीत गेली. ही जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी. ऐरोलीला वनखात्याच्या कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे, तिथून होडीने रोहित बघायला नेतात.

पहिल्यांदा जाणारा माणूस वैतागतो. शनिवारी फेरी सकाळी सातला, तर पुढच्या शनिवारी दुपारी. हा काय कारभार? कारभार चंद्राचा आहे. ओहोटीला खाडी उघडी पडते आणि त्या चिखलातलं शेवाळ, बारीक जीव खायला रोहित उतरतात. होडी मात्र भरतीशिवाय हलत नाही. होडीला पाणी हवं आणि रोहिताला चिखल हवा, त्या दोन्हींच्या मधल्या फटीत आपली फेरी बसवायची असते.

ती फट कधी येते, हे कोळ्यांना विचारा. जुना ठोकताळा आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, अष्टमीला आठ पाऊणे सहा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराला बाराच्या आसपास पूर्ण भरती, आणि तीही उधाणाची. अष्टमीची ती भांगाची, पाणी कमी चढतं. दर पुढच्या तिथीला पाऊण तास पुढे. खाडीत जसजसं आत जाल तसा थोडा उशीर. आता हे मोबाइलवर मिळतं हे खरं. पण पाण्याच्या कुठल्या चिंचोळ्या वाटेत गाळ साचलाय, वारा कुठून सुटला की पक्षी कुठल्या काठाला सरकतात, हे मोबाइलवर मिळत नाही. ते दिवा, वाशी, सारसोळे, दिवाळे इथल्या कोळीवाड्यांतल्या माणसांकडे आहे. स्थानिकांना पर्यटनात घ्या असं म्हणताना आपण त्यांच्यावर उपकार करत असल्यासारखं बोलतो. अहो, त्यांच्याशिवाय होडी रुतेल.

राज्याच्या कांदळवन कक्षाची २०१७ पासूनची एक योजना आहे, कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण. खाडीकाठच्या गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती करायची, कांदळवन राखायचं आणि त्याच्या आधाराने खेकडापालन, कालवं, शिंपले, पर्यटन असे धंदे उभे करायचे. गटाने केलं तर खर्चाचा ९० टक्के भाग सरकारचा, १० टक्के गटाचा. त्या दहा टक्क्यांची मला फार किंमत वाटते. पदरचे दहा रुपये घातलेला माणूस नव्वद रुपयांवर डोळा ठेवतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. माहिती त्या सांगतात, मासळीचं जेवण त्यांच्या हातचं, पैसे त्यांच्या गटाचे. आता त्या खाडीतलं कांदळवन कुणी तोडायला आलं तर पहिली हाक कोण देईल?

“पर्यटक वाढले की पक्षी पळतील”

बरोबर आहे. होडी जवळ नेली, इंजिन रेटलं, ड्रोन सोडलं, की थवा उठतो. दिवसातून चार वेळा उठला तर खाल्लेलं उडण्यातच जातं. म्हणून पंगत मोजायची: एका भरतीला किती होड्या, किती अंतरावर थांबायचं, आवाज कधी बंद. हे नियम कागदावर वनखात्याचेच असणार, अभयारण्य आहे. पण पाण्यावर ते पाळले जातात की नाही हे रोज तिथे असलेल्यालाच दिसतं. नावाड्याची कमाई रोहित टिकण्यावर असेल, तर पर्यटकाने पन्नाशीच्या दोन नोटा पुढे करून “अजून जरा जवळ घ्या ना काका” म्हटल्यावर तो नाही म्हणेल. रोजंदारीवर असेल तर सांगता येत नाही.

भाचीचं तळं

भरती आली की खाडीतला चिखल बुडतो. मग लाखभर पक्षी जातात कुठे? नेरूळ-सीवूड्सकडच्या पाणथळ जागांवर विसाव्याला. त्यातलं एक डीपीएस शाळेमागचं, तीसेक एकरांचं तळं. ज्या तळ्यात भरतीचं पाणी आत-बाहेर खेळतं ते जिवंत राहतं. या तळ्याच्या पाण्याच्या वाटा बंद झाल्या, तळं सुकलं, शेवाळाने भरलं, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तिथे रोहित मेले. नागरिक रस्त्यावर उतरले, पत्रं, मानवी साखळ्या, पाठपुरावा. २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने तळ्याला ‘संवर्धन राखीव’ करायला होकार दिला.

संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्याचा धाकटा भाऊ. जमीन सरकारी मालकीचीच राहते, पण घोषणेआधी स्थानिकांशी चर्चा करावी लागते आणि सांभाळायला एक समिती नेमावी लागते. वन्यजीव कायद्याच्या ३६-ख कलमात तिची घडण दिलीय: वनखात्याचा माणूस सचिव, वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थांचे तिघे, शेती आणि पशुसंवर्धन खात्यांचे एकेक, आणि हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी.

इथे थांबा जरा. नेरूळला ग्रामपंचायत आहे? नाही. सिडकोने १९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी घेऊन नवी मुंबई वसवली. १ जानेवारी १९९२ ला महापालिका आली आणि तिच्या हद्दीतल्या गावांच्या पंचायती गेल्या. गावठाणं राहिली, जत्रा राहिल्या, ग्रामसभा गेली. म्हणजे कायद्याने स्थानिकांसाठी खुर्ची मांडलीय, पण तिच्यावर बसायला कुणी नाही. शिवाय ही समिती सल्ला देणारी, सही मुख्य वन्यजीव रक्षकाचीच. भाचीच्या “आम्ही कोण?” या प्रश्नाला कायद्यातून मिळणारं उत्तर सध्या असं आहे: संस्थांच्या तीन जागांपैकी एकीवर जाऊ शकणारे नागरिक. तेवढ्या फटीतही शिरता येतं, पण आधी ती फट माहीत हवी.

येऊर आणि मोरबे

असंच ठाण्याच्या येऊरचं. डोंगर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा, पायथ्याशी आणि आत आदिवासी पाडे, आणि शनिवारी रात्री पार्ट्यांसाठी खालून वर चढणाऱ्या गाड्यांचे दिवे. शहापूरचा आदिवासी पाडा अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भाग म्हणून घोषित केलेल्या प्रदेशात, येतो. तिथे १९९६ च्या पेसा, म्हणजे अशा क्षेत्रातल्या पंचायतींच्या, कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपज, पाणवठे, जमीन यांबाबत बोलायचा अधिकार आहे. येऊरचा पाडा ठाणे महापालिकेच्या हद्दीत, म्हणून तिथे ती ग्रामसभा नाही. डोंगर तसाच, माणसं तशीच, हद्दीची रेघ वेगळी. ढोल-डीजेचा त्रास बिबट्याला होतो तेवढाच पाड्यावरच्या लेकरांना होतो, पण तक्रार करायला ते डोंगर उतरून खाली येणार आणि पार्टीचा गल्ला तिसऱ्याचाच.

मोरबे धरण नवी मुंबई महापालिकेचं, रोज ४५० दशलक्ष लिटर पाण्याच्या क्षमतेचं. पण ते आहे रायगडच्या खालापूर तालुक्यात, धावरी नदीवर. त्याच्या पाण्यावर १०० मेगावॉटचे तरंगते सौर पॅनल टाकायचा प्रस्ताव कितीतरी वर्षं चर्चेत आहे. कल्पना सुरेख आहे: जमीन लागत नाही, बाष्पीभवन कमी होतं, पाण्यामुळे पॅनल थंड राहतात. वीजबिल वाचेल ते नवी मुंबईचं. धरणासाठी ज्यांची शेतं गेली त्या गावांच्या वाट्याला काय? पाण्यावर जाळं टाकायला त्यांना मुभा राहील का? देखभालीचं काम त्यांच्या मुलांना मिळेल का? हे प्रश्न निविदेच्या आधी विचारले तर एका बैठकीत सुटतात, नंतर विचारले तर कोर्टात जातात.

मग शहरात ग्रामसभा कुठे आहे?

कागदावर आहे. १९९२ ची ७४ वी घटनादुरुस्ती शहरांसाठी. तिच्यातून प्रभाग समिती आली. महाराष्ट्राच्या कायद्यात तिच्यावर नगरसेवकांबरोबर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. २००९ मध्ये ‘क्षेत्रसभा’ही कायद्यात आली, म्हणजे मतदान केंद्राभोवतीच्या मतदारांची बैठक, शहरातली ग्रामसभाच. तुम्ही कधी गेलात क्षेत्रसभेला? मीही नाही.

आणि नगरसेवकच नव्हते. नवी मुंबईत २०२० पासून, ठाण्यात २०२२ पासून प्रशासक. खाडीकाठचा रस्ता असो की तळ्याचं आरक्षण, महासभेची सही आणि आयुक्तांची सही एकाच पेनाने. जानेवारी २०२६ मध्ये निवडणुका झाल्या तेव्हा कुठे सभागृह भरलं. त्यातही एका प्रभागाला चार-चार नगरसेवक. गटाराचं झाकण कुणाला सांगायचं इथून सुरुवात, रोहित नंतर.

“लोकांना विचारत बसलं की कामं रखडतात” हा आक्षेप मी सर्वांत जास्त ऐकतो, आणि आमच्या सभेचा अनुभव पाहता तो मनापासून पटतोही. पण न विचारता काय झालं ते आमच्या गच्चीवरच्या टाक्यांखाली कबुतरं सांगतात. उलट साताऱ्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी बघा, राज्यातलं पहिलं सौरग्राम. शंभरेक घरांचं गाव, घरोघरी पॅनल. गाव लहान, माणसं एकमेकांना ओळखणारी, आणि ग्रामसभा खरोखर भरणारी. आमची छप्पन्न घरं त्याहून लहान आहेत, फक्त आम्ही एकमेकांना गाडीच्या नंबराने ओळखतो.

दुसरा आक्षेप, स्थानिकांना गल्ल्यात हात दिला की राजकारण आणि खाबूगिरी येते. येते. वरून चालवलं तर येत नाही का? फरक इतकाच, की बचत गटाची वही दर महिन्याला बायका मोठ्याने वाचतात. निविदेची फाइल बघायला माहितीचा अधिकार लागतो.

नव्या नगरसेवकाला विचारायचं असेल तर मोठं काही नको. प्रभाग समितीवर संस्थांचे तीन सदस्य घेतले का? आपल्या भागात क्षेत्रसभा केव्हा? आणि नवी मुंबईकरांनी आणखी एक, तळ्याच्या समितीत गावठाणाची रिकामी खुर्ची कुणाला देणार?

आमच्या सेक्रेटरींना मी पत्र दिलंय. सोलरचा विषय या वेळी दुसरा घ्या, इतिवृत्त कायम करण्याच्या लगेच खाली. तीन ठेकेदारांची दरपत्रकं आणि वरच्या मजल्यावरच्या काकांची वॉटरप्रूफिंगची अट जोडलीय. काकांनी स्वतः अनुमोदक म्हणून सही केली, त्यावर चहा झाला. नोटीस चौदा दिवस आधी लागते, सभा रविवारी. भाचीला म्हटलं त्या दिवशी ऐरोलीला जमणार नाही, पुढच्या रविवारी जाऊ. तिने कॅलेंडर बघून कळवलं, “द्वादशी आहे मामा. बारा पाऊणे नऊ. साडेसातला निघावं लागेल.”